डावी बाजू सोडू नका

त्या डोंगरावरून मी कधीही स्की करत खाली आलेलो नाही. हे वाक्य सगळ्यात आधी लिहितो, कारण ते वेळेवर लिहिलं नाही म्हणून पुढचं सगळं झालं.

शिकागोजवळच्या नेपरव्हिल आणि आसपासच्या गावांत मिळून आमचा वीस-बावीस घरांचा गट आहे. बरेचसे विदर्भातले, काही मराठवाड्यातले, काही पुण्या-मुंबईचे, सगळे बौद्ध. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये वंदना होते, मग जेवण, मग पोरांचा धुडगूस. मी वयानं मोठा, आवाज बरा, म्हणून कित्येक वर्षं पंचशील मी सांगायचो आणि बाकीचे माझ्यामागून म्हणायचे. गटात आणखी एक रीत आहे. कुणी फिरायला जाऊन आलं की त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट टाकायचा. कुठं राहिलो, काय बघितलं, कुठं फसलो. आमच्यापैकी बहुतेकांच्या लहानपणी सुट्टी म्हणजे मामाचं गाव, तेही मामाला परवडलं तर. हॉटेलात कसं वागायचं, बर्फात काय घालायचं, हे सांगणारं मागे कुणी नव्हतं. म्हणून जो आधी जातो तो मागच्यांना सांगतो. बर्फाचे जाड कपडेसुद्धा आम्ही एकमेकांचेच नेतो. माझी काळी स्नो-पँट चार घरं फिरून आलेली आहे.

माझ्या रिपोर्टना मान होता. मी इंजिनिअर माणूस, जाण्याआधी लोकांची शेकडो मतं वाचायचो, परत आल्यावर मुद्देसूद लिहायचो. ‘दादांचा रिपोर्ट आहे ना, मग झालं,’ असं लोक म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

मागच्या वर्षी हिवाळ्यात मी, बायको आणि पंधरा वर्षांची मुलगी कोलोरॅडोतल्या एका स्की रिसॉर्टला गेलो. गटातलं कुणी तोवर स्कीइंगला गेलं नव्हतं. मुलीनं दोन दिवसांचा क्लास लावला. मी लावला नाही. फोनवर व्हिडिओ बघितले होते आणि सात-आठ वर्षांच्या पोरांबरोबर रांगेत उभं राहायची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बायको खोलीत खिचडी टाकत होती तेव्हा मी एकटाच लिफ्टच्या खुर्चीत बसून वर गेलो. उतरताना पडलो. मागचे लोक अंगावर येऊ नयेत म्हणून लिफ्ट थांबवावी लागली. कसाबसा उठलो, पुढे पाहिलं, तर चार हातांवर बर्फाची कड होती आणि तिच्यापलीकडे नुसतं आभाळ. माझे पाय हलेनात. लोक शेजारून सूं सूं करत जात होते. अर्ध्या तासानं स्की पेट्रोलची, म्हणजे डोंगरावरच्या बचाव पथकाची, एक मुलगी आली. तिनं मला स्लेजवर आडवं केलं, ब्लँकेट टाकलं, पट्टे आवळले आणि सामान उतरवावं तसं खाली उतरवलं. खाली माझ्या मुलीचा क्लास उभा होता. तिनं मला ओळखलं.

“आईला सांगू नको,” मी तिला म्हणालो.

घरी आल्यावर रिपोर्टची वेळ आली. दोन रात्री मी काहीच लिहिलं नाही. मग ग्रुपवर एकानं टाकलं, ‘आपल्यातलं पहिलं माणूस स्कीइंग करून आलं, अभिमान वाटतो दादा.’ ते वाचून मी लिहायला बसलो. मनाशी म्हणालो, आपल्या पोरांनी बिचकू नये, हे आपल्यासाठी नाही असं कुणाला वाटू नये, म्हणून चांगलंच लिहायचं. हे कारण खोटं नव्हतं. पण त्याआड मी लपलो, हेही खरं आहे.

मी लिहिलं की स्कीइंग अर्ध्या दिवसात जमतं, क्लासची गरज नाही. वरच्या लिफ्टनं जावं, डाव्या हाताला हिरव्या खुणेची सोपी वाट लागते, ती सरळ आपल्या लॉजसमोर येते, काहीही झालं तरी डावी बाजू सोडू नका. ही वाट मी पर्यटकांच्या दोन-तीन मतांमधून जोडून काढली होती. एकानं सोपी म्हटलं होतं, दुसऱ्यानं डावीकडे राहा म्हटलं होतं. दोघं एकाच लिफ्टबद्दल बोलत होते का, हे मी बघितलं नाही. नाइटलाइफबद्दल लिहिलं की संध्याकाळी गाव उजळून निघतं, प्रत्येक बारमध्ये वाद्यवृंद, सगळ्या वयाच्या लोकांनी जावं असं वातावरण. आम्ही तिन्ही दिवस खोलीत खिचडी खाऊन नऊला झोपलो होतो.

तेच इंग्रजीत करून मी एका प्रवासाच्या वेबसाइटवरही टाकलं, पाच तारे देऊन. मुलीनं ते वाचलं.

“बाबा, यू डिडन्ट इव्हन स्की.”

“अगं, सगळे असंच लिहितात.”

“नो, दे डोन्ट,” ती म्हणाली आणि खोलीत गेली. पुढच्या रविवारी वंदनेला मी पंचशील सांगितलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. माझा आवाज अडखळला नाही. हे मला आता सगळ्यात जास्त टोचतं.

यंदा नागपूरकडचा एक पोरगा मागे लागला. पोरगा म्हणजे तिशीचा. वर्क व्हिसावर आलेला, घरातून इकडे आलेला पहिलाच. चार वर्षांपूर्वी आमच्या बेसमेंटमध्ये घाबरत शिरला, तेव्हापासून गाडी कुठली घेऊ, मॅनेजरला काय उत्तर देऊ, सगळं मला विचारायचा. लग्न करून दीड वर्षापूर्वी बायकोला घेऊन आला. ती कमी बोलणारी, पण बघणारी. म्हणाला, “दादा, तुमच्या रिपोर्टवरूनच जायचं, पण तुम्हाला घेऊन. वहिनींनापण घ्या.” मी महिनाभर टाळलं. शेवटी नाही म्हणायला कारण उरलं नाही. मुलगी म्हणाली, तिची परीक्षा आहे. परीक्षा नव्हती.

पहिल्या संध्याकाळी आम्ही चौघं गावातल्या मोठ्या रस्त्यानं फिरलो.

“दादा, तो नाइटलाइफ कुठंय? मी तर नवीन शर्ट आणला यार.”

एका दारातून ड्रमचा आवाज येत होता. दारावरच्या माणसानं ओळखपत्र मागितलं. मला वाटलं हा आता मला कोण, कुठला विचारणार. “आज गर्दी दिसते,” मी म्हणालो आणि वळलो.

“गर्दी? आत तर चार टकले दिसतात,” तो हसला. “वहिनी, मागच्या वर्षी दादांनी इथं डान्स केला का?”

“यांनी?” माझी बायको म्हणाली. “हे तर खोलीत घोरत होते.”

तो मोठ्यानं हसला. त्याला ती थट्टा वाटली. त्याची बायको हसली नाही. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि टोपी कानावर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळभर ते दोघं खालच्या छोट्या उतारावर शिकले, म्हणजे त्यांच्या त्यांनीच. क्लास लावू म्हणून ती दोनदा म्हणाली. तो म्हणाला, “दादांनी अर्ध्या दिवसात केलं, आपण तर तरुण आहोत.” मी जवळच उभा होतो. गुडघा दुखतो असं सांगून मी स्की पायात घातलीच नव्हती. साडेबाराला तो म्हणाला की आता वर जातो.

“दादा, तुम्ही काहून नाही येत?”

“गुडघा रे. तुम्ही जा. घाई करू नका.”

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी त्याच्या हातमोज्याचा पट्टा घट्ट करून दिला. माझी काळी पँट त्याच्या अंगावर होती. खुर्ची त्यांना घेऊन वर गेली. एक वाजता त्याचा फोटो आला, दोघं हसतायत, मागे शिखर. खाली लिहिलं होतं, ‘सेम टू सेम तुमच्या रिपोर्टसारखं.’

दोन वाजता मी उताराच्या पायथ्याशी उभा राहिलो. अडीच झाले. प्रत्येक निळं जाकीट मला त्याचं वाटायचं. तीन वाजता फोन लावला, त्याचा बंद, तिचाही बंद. वारा सुटला आणि वरचा अर्धा डोंगर पांढऱ्या धुरळ्यात गेला. बायको म्हणाली, “कुणाला तरी सांगा ना.” मी म्हणालो येतील, पहिल्यांदा वेळ लागतो. ती म्हणाली, “तुम्हाला किती लागला होता?” मी पुन्हा फोन लावला. साडेतीनला आम्ही स्की पेट्रोलच्या लाकडी खोलीत गेलो.

आत पिकल्या दाढीचा एक माणूस वायरलेस घेऊन बसला होता. भिंतभर नकाशा. कुठल्या वाटेनं उतरणार होते ते माहीत आहे का, त्यानं विचारलं. मी नकाशावर बोट ठेवलं. पुढच्या अंगाची, लॉजसमोर येणारी हिरवी वाट.

“नक्की?”

“नक्की. गेल्या वर्षी मी स्वतः उतरलोय हिच्यावरून.”

हे मी म्हणालो. दोन माणसं वर कुठंतरी बर्फात होती आणि मी हे म्हणालो. त्या घटकेला माझ्या मनात ती दोघं आणि माझी इज्जत शेजारी शेजारी उभी होती, आणि मी इज्जतीचा हात धरला.

त्यानं पथकातल्या दोघांना त्या वाटेवर पाठवलं. पंचवीस मिनिटांनी वायरलेसवर आवाज आला, कुणी नाही. त्यानं पुन्हा एकदा, कडेच्या झाडांत बघत उतरायला सांगितलं. चार वाजले, लिफ्ट थांबल्या. खिडकीतून दिसत होतं की लोक स्की खांद्यावर टाकून, हसत, बारकडे चालले होते. खरंच दिवे लागत होते. खरंच कुठंतरी ड्रम सुरू झाला. बायको माझ्या शेजारी बसून डोळे मिटून पुटपुटत होती. दुसऱ्यांदाही कुणी सापडलं नाही.

दाढीवाला माझ्यासमोर स्टूल घेऊन बसला. शांतपणे म्हणाला, तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलं होतं ते सगळं सांगा. मी म्हणालो, लिहून दिलं होतं. तो म्हणाला, दाखवा. मी फोन काढला. रिपोर्ट मराठीत. तो म्हणाला, वाचून दाखवा, इंग्रजीत.

मग मी माझंच खोटं त्याला ओळीओळीनं भाषांतर करून सांगू लागलो. अर्ध्या दिवसात जमतं. क्लासची गरज नाही. मराठीत लिहिताना जे रुबाबदार वाटलं होतं ते त्या खोलीत ऐकवत नव्हतं. ‘काहीही झालं तरी डावी बाजू सोडू नका’ इथं आलो आणि त्यानं हात वर केला.

“डावी? कुठल्या लिफ्टपासून डावी?”

मी फोनवर ती ओळ पुन्हा वाचली.

“वरच्या लिफ्टपासून डावीकडे राहिलं तर माणूस खिंडीपलीकडे मागच्या अंगाला जातो. लॉजकडे यायला तिठ्यावर उजवीकडे वळावं लागतं. तिथं मोठी पाटी आहे. तुम्ही उतरलात तेव्हा कुठं वळलात?”

“मला माहीत नाही.”

“तुम्ही उतरलात ना?”

“नाही,” मी म्हणालो. “मी नाही उतरलो. मला स्लेजवरून आणलं होतं. हे मी लोकांचं वाचून लिहिलं.”

तो रागावला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल सोडून तो वायरलेसकडे गेला आणि सगळ्यांना मागच्या अंगाला वळवलं. जवळजवळ एक तास मी त्यांना चुकीच्या अंगाला फिरवलं होतं. माझ्या बायकोनं डोळे उघडले होते. ती माझ्या बुटांकडे बघत होती. मग एवढंच विचारलं, “पोरीला माहीत होतं?”

“हो.”

ती उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली.

मी कधी काही मागत नाही. आमच्यात नवस नाहीत, कुणाकडे मागायचं तेही नाही. त्या तासाभरात मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी असायला हवं होतं, ज्याला म्हणता येईल की माझं काहीही घे. म्हणायला कुणी नव्हतं. नकाशा होता आणि वायरलेसची खरखर होती. मी नकाशावरच्या मागच्या अंगाच्या वाटा पाठ करत बसलो, जणू आता त्याचा उपयोग होता.

साडेपाचच्या सुमारास, उजेड जाता जाता, ते सापडले. तिठ्यापासून बरंच खाली, वाट सोडून झाडीत. त्याच्या डाव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली होती. त्याचे हातमोजे बर्फानं भिजले म्हणून तिनं आपले काढून त्याला चढवले होते आणि त्याला झोप लागू नये म्हणून त्याच्याशी तीन तास बोलत होती. कमी बोलणारी ती मुलगी. तिच्या दोन बोटांची टोकं अजून बधिर आहेत.

हॉस्पिटलात त्याच्या पायात सळई घातली. दुसऱ्या दिवशी आत गेलो तर त्यानं मला बघून उठायचा प्रयत्न केला.

“दादा, सॉरी यार.”

“तू कशाचं सॉरी?”

“तुमची पँट. इथं आल्यावर कैचीनं कापली त्यांनी. मी म्हणत होतो काढा, कापू नका, दुसऱ्याची आहे. नवीन घेऊन देतो.”

मी बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकलो.

नेपरव्हिलला परत आल्यावर मी रोज त्यांच्याकडे डबा घेऊन जायचो. गटातले म्हणायचे, दादा किती करतात. तिसऱ्या आठवड्यात ठरवलं की आज सांगायचंच. तो सोफ्यावर पाय उशीवर ठेवून लॅपटॉपवर काम करत होता. मी आधी स्वयंपाकघरात गेलो. ती डबे धूत होती.

“मला त्याला एक गोष्ट सांगायची आहे,” मी म्हणालो.

“माहितेय मला,” ती नळ बंद न करता म्हणाली. “तिठ्यावर पाटी होती. मी म्हणाले, उजवीकडे लिहिलंय. हा म्हणाला, दादांनी डावी लिहिली. मी म्हणाले, पाटी इथली आहे, दादा इथं आहेत का. तेव्हाच कळलं मला, तुम्ही तिथं गेलाच नव्हता.”

“त्याला सांगितलं तू?”

“नाही.”

“मग मी सांगतो आता.”

तिनं नळ बंद केला. “दादा, आत्ता नका सांगू. आत्ता त्याला बाथरूमलापण माझा खांदा लागतो. तुम्ही सांगाल, रडाल, आणि तो तिथंच पडून तुम्हाला ‘जाऊ द्या दादा’ म्हणेल. दुसरं काय म्हणेल? त्याला उठून जाता येईल तेव्हा सांगा.”

मी तीन महिने थांबलो. ते महिने कसे गेले ते सांगत नाही, कारण ते माझे होते आणि त्याच्या महिन्यांपुढे काहीच नव्हते. वंदनेला पंचशील सांगायचं मी बंद केलं. घसा बसलाय म्हणालो, म्हणजे आणखी एक खोटं. मुलीला मात्र मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ओके,” आणि जरा वेळानं मराठीत, “त्याला कधी सांगणार?”

एप्रिलमध्ये तो काठीशिवाय चालू लागला. आमच्या घरामागच्या तळ्याभोवती पायवाट आहे. तिथल्या बाकावर मी त्याला बोलावलं आणि सांगितलं. लिफ्टवरून पडलो ते, कडेशी थिजलो ते, लोकांची मतं जोडून वाट बनवली ते, आणि त्या लाकडी खोलीत पुन्हा खोटं बोललो ते. शेवटचं सांगायला सगळ्यात जड गेलं. ते त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

तो तळ्यातल्या बदकांकडे बघत होता.

“तुम्हाला स्लेजवर आणलं होतं?”

“हो.”

“मलापण स्लेजवरच आणलं,” तो म्हणाला, आणि क्षणभर त्याच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. ते टिकलं नाही. “ती म्हणत होती, पाटी उजवीकडची आहे. मी ओरडलो तिच्यावर, दादा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. म्हणालो, तुला जास्त कळतं का दादांपेक्षा.”

मी काही बोलायच्या आत तो उठला. डावा पाय जरा ओढत, पण कुणाचा आधार न घेता, पायवाटेनं पुढे गेला. वळणावर तळ्याला वळसा घालून माझ्याकडे परत येणारी वाट होती आणि पार्किंगकडे जाणारी होती. तो पार्किंगकडे गेला.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं टाकलं, खऱ्या रिपोर्टसारखं, मुद्देसूद. काहींनी अंगठा दाखवला. एकानं लिहिलं, ‘होतं असं दादा.’ असं होत नाही. वेबसाइटवरचं मतही बदललं. लिहिलं की मी इथं स्की केलेलं नाही. क्लास लावा. डोंगरावरच्या पाट्या वाचा. नाइटलाइफबद्दल मला काही माहीत नाही, आम्ही खोलीत खिचडी खाऊन झोपलो. खाली कुणीतरी विचारलंय, मग मत कशाला देता. त्याचं बरोबर आहे.

तो अजून वंदनेला आलेला नाही. ती येते, मागे बसते. पंचशील आता दुसरी एक ताई सांगते आणि मी तिच्यामागून म्हणतो. चौथ्याला माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही.

मे महिन्यात एका शनिवारी दाराशी खोकं आलं. आत काळी स्नो-पँट होती. नवी, माझ्या मापाची, कंपनीचं लेबल न काढलेली. चिठ्ठी नव्हती. बायकोनं ती हातात घेतली, घडी मोडली, पुन्हा तशीच केली आणि माझ्यासमोर ठेवून आत गेली. अजून ती त्या खोक्यातच आहे. घालायची हिंमत नाही, आणि दुसऱ्या कुणाला न्यायला द्यायचीही.